आधी त्यांच्या हातात काहीतरी दे

पोरी,

तुझा प्लॅन वाचला. कोल्हापुरात राजारामपुरीत खोली भाड्यानं घ्यायची, बाहेर 'ज्येष्ठांसाठी समुपदेशन' असा बोर्ड, शनिवारी मेमरी गेम्स, आणि महिन्याला एक 'आनंदी म्हातारपण' वालं लेक्चर. राग मानू नको, पण त्या खोलीत कोण येणार नाही बघ. शिवाजी पेठेतला ऐंशीचा जुना पैलवान गडी मानसतज्ज्ञाकडं कशाला येईल, तो म्हणणार मला काय येड लागलंय व्हय. तो डॉक्टरकडं जातो ते झोप लागत नाही, जेवण जात नाही, पायात दम नाही म्हणून, आणि 'उदास वाटतंय' हे त्याच्या तोंडून तुला कधीच ऐकायला मिळायचं नाही. त्यापेक्षा तूच जा, सकाळी रंकाळ्यावर, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर, बायका भजनी मंडळात सापडतील, आणि सुरुवातीला नुसतं ऐक, वही पिशवीतच राहू दे.

'अण्णा विसरायला लागलेत' असं सून सांगत आली तर लगेच स्मरणशक्तीची टेस्ट काढू नको. आधी कान तपासून घ्यायला लाव. ऐकायला कमी आलं की माणूस चारचौघांत बसायचं टाळतो, विचारलं एक तर भलतंच उत्तर देतो, आणि घरचे म्हणतात डोकं गेलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळानं, लॅन्सेट कमिशननं, 2024 ला डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या पण कमी करता येतील अशा 14 गोष्टींत कमी ऐकू येणं धरलंय, लोकांपासून तुटणं आणि डिप्रेशनसुद्धा. आणि म्हातारपणातलं डिप्रेशन कधीकधी विसरल्यासारखंच दिसतं, ते उपचारानं सुधारतं, पण डिमेन्शियाच म्हणून बसलं की उपचारच होत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. 1976 चा एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या अमेरिकन मानसतज्ज्ञांचा नर्सिंग होममधला, म्हणजे तिकडच्या वृद्धाश्रमातला, प्रयोग तू एमएला वाचला असशील. एका मजल्यावरच्यांना सांगितलं तुमचं तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा ते निवडा, हे रोप घ्या आणि पाणी तुम्हीच घाला, दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे जास्त हिंडते-फिरते आणि खूश दिसले. (पुढं दोन्ही मजल्यांवर किती जण वारले त्याचे आकडे लोक फुगवून सांगतात, त्या हिशोबाची दुरुस्ती त्यांनी स्वतःच छापली होती, तू ते स्टेजवरून सांगू नको.) आता आपल्याकडं बघ, 'बाबा तुम्ही नुसता आराम करा' म्हणत पोरगं पेन्शनचं एटीएम कार्ड घेतंय, भाजी सून ठरवते, कुठल्या लग्नाला जायचं ते नातू ठरवतो, सगळं मायेनंच चाललेलं असतंय आणि म्हातारं दिवसभर टीव्हीसमोर. उलट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, तर कुणाकडं पैसे न मागता माणसं जोतिबाला, पंढरपूरला निघाली. कुठं जायचं आणि कधी परत यायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं, मला तर ती योजना निम्म्या समुपदेशनाच्या तोडीची वाटते.

म्हणून तुझी लेक्चरं म्हाताऱ्यांसाठी नको, मुला-सुनांसाठी ठेव. आणि सुनेला दोष देत बसू नको, नोकरी करून अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी बाई स्वतःच थकून गेलेली असते, तिलाही कुणीतरी विचारायला पाहिजे.

झिम्बाब्वेचं फ्रेंडशिप बेंच बघून ठेव. तिथं डिक्सन चिबांडा या सायकियाट्रिस्टनं 2006 ला आज्यांनाच ट्रेनिंग दिलं, दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून त्या लोकांचं ऐकायच्या आणि एकेक अडचण सोडवायला मदत करायच्या, 2016 ला त्याची ट्रायल छापून आली आणि त्यात डिप्रेशनची लक्षणं चांगलीच कमी झालेली होती. आपल्या पेठांत अशा आज्या काय कमी आहेत व्हय? शाळेतल्या रिटायर्ड बाई, नर्स, अंगणवाडीताई यांना तू शिकव, गल्ली त्या बघतील. फक्त जीव द्यायची भाषा कुणी केली, किंवा खाणंपिणंच सोडलं, तर तिथं आजी पुरणार नाही, एकटं सोडायचं नाही आणि सायकियाट्रिस्टकडं न्यायचंच, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांग. मानसिक त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, टेलिमानसचा 14416 आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा, एल्डरलाइनचा 14567 मोठ्या अक्षरात छापून दे, बारीक अक्षर दिसत नाही त्यांना.

खोलीचं डिपॉझिट भरलं नसशील तर थांब. आणि पुढच्या मेलमध्ये मला प्लॅन नको, कट्ट्यावर कोण काय बोललं ते लिही.

तुझी मॅडम