विद्यापीठ की औषधकंपनी?

सप्रेम नमस्कार.

सांगलीत बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आपल्या मुलीला नवी औषधे शोधण्याच्या कामात जायचे असून, तिने विद्यापीठातील संशोधनाची वाट धरावी की औषधकंपनीची, असे आपण विचारले आहे. हा निर्णय आज घेण्याची गरज नाही, कारण या क्षेत्रातील माणसे दोन्हीकडे वावरतात. अल्सरवरील सिमेटिडीन शोधणाऱ्या गटातील रसायनशास्त्रज्ञ रॉबिन गॅनेलिन पीएच.डी.नंतर 1958 मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या कंपनीत गेले आणि 1986 मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये प्राध्यापक झाले. मात्र 1964 मध्ये सुरू झालेल्या त्या शोधात पहिली काही वर्षे संयुगामागून संयुग निष्फळ ठरले. पुढे मेटियामाइड हे संयुग रुग्णांपर्यंत पोहोचले, पण काहींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याने ते सोडावे लागले, आणि त्याच्या रेणूतील थायोयुरिया हा संशयित भाग (अणूंचा गट) बदलून घडवलेले सिमेटिडीन 1976 मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीस आले. इतकी वर्षे अपयश पचवण्याची तयारी आहे का, हे मुलीला आधी विचारावे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडील औषधकंपन्यांत 'आर अँड डी' या नावाखाली चालणारे बरेचसे काम जेनेरिक औषधांची स्वस्त उत्पादनप्रक्रिया बसवण्याचे किंवा गोळीचे मिश्रण ठरवण्याचे असते. ते कौशल्याचे आणि चांगल्या पगाराचे काम आहे, पण नवा रेणू शोधण्याचे नव्हे. म्हणून मुलाखतीत प्रकल्पाचे स्वरूप विचारून घ्यावे. नव्या रेणूंच्या कामात परदेशी कंपन्यांसाठी कंत्राटी संशोधन करणाऱ्या हैदराबाद-बंगळुरूच्या संस्थांमध्ये एम.एस्सी.नंतर प्रवेश मिळतो, परंतु प्रकल्पाची दिशा ठरवणाऱ्या जागी सहसा पीएच.डी. लागते.

तूर्त तिने 'जॅम' ही एम.एस्सी.ची राष्ट्रीय प्रवेश परीक्षा द्यावी. तिच्या आधारे आयआयटीत एम.एस्सी. किंवा पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत एकात्मिक पीएच.डी.साठी (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) अर्ज करता येतो. पुढे नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन पाठ्यवृत्ती मिळाल्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेत पीएच.डी. करताना 2023 पासूनच्या दराने सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात, त्यामुळे घरावर पूर्ण भार पडत नाही. लग्नाच्या वयाची आपली काळजी मात्र या हिशेबात धरू नये, अशी विनंती आहे. विषय सेंद्रिय संश्लेषणाचा घ्यावा, कारण रेणू स्वतः बनवता येणाऱ्याला प्रयोगशाळा आणि कंपनी दोन्हीकडे काम मिळते. येत्या सुट्टीत एखाद्या संश्लेषण प्रयोगशाळेत दोन महिने काढता आले, तर एकच अभिक्रिया पाचव्यांदा फसल्यावर ती सहाव्यांदा फ्लास्क लावते का, हे तिचे तिलाच कळेल.

आपला,
करिअर मार्गदर्शक