आधी विचार, कायदा आहे की जीआर?

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. वडील एका पक्षाचे, मामा दुसऱ्या. जेवायला बसलं की लाडक्या बहिणीवरून ताटं वाजतात. कॉलेजातली पोरं म्हणतात, फुकट वाटून राज्य बुडवलं. आणि आई म्हणते, "मला येतंय तेवढं बंद पाडू नका म्हणजे झालं." आता निबंधात कुणाची बाजू घेऊ, असं तू विचारतेस. गरिबाला आधार हवा, हे तुला पटवत बसत नाही. ते तुझ्या घरातच आहे. पण या सगळ्यांत मुद्द्याचं एकटी तुझी आई बोलली. जे मिळतंय ते कधीही बंद पडेल असं तिला का वाटतं, ते शोध.

योजना कुणाची, हे मागाहून. आधी विचार, कायदा आहे की जीआर? जीआर म्हणजे शासन निर्णय, तो मंत्रालयातून निघतो आणि दुसरा जीआर निघाला की पहिला गेला. कायदा मोडायचा तर सभागृहात उभं राहावं लागतं, सगळ्यांदेखत.

तू तासगावची. विसापूर तुझ्या वाटेवरचं गाव. तिथले वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते आणि रोजगार हमीचा पहिला प्रयोग साठच्या दशकात त्याच भागात झाला. 1972 च्या दुष्काळात जत, आटपाडी, माणची माणसं खडी फोडत होती, तेव्हा कामाची मागणी किती मोठी आहे ते राज्याला दिसलं. मग 1975 मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने द्यायचा आणि तेवढीच भर सरकारने घालायची. मामाला त्याची पगाराची स्लिप काढायला सांग. महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतील. "पैसा कुठून आणणार?" हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. पाग्यांच्या योजनेत त्याचं उत्तर आधी लिहिलं होतं, एवढंच.

रोजगार हमीचा कायदा 1977 चा, वसंतदादा मुख्यमंत्री असतानाचा. 1978 च्या जुलैत शरद पवारांनी दादांचं सरकार पाडलं. त्या खंजिराची गोष्ट सांगलीत अजून चघळतात. आणि 26 जानेवारी 1979 ला कायदा लागू झाला तेव्हा खुर्चीवर कोण? पवार! ज्यांनी दादांना उतरवलं, त्यांच्याच कारकिर्दीत दादांच्या वेळचा कायदा चालू झाला. काम मागितल्यावर 15 दिवसांत द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नाव घालताना मजूर कुठल्या झेंड्याखालचा, हे कायद्यात कुठेच नव्हतं. (भत्ता किती जणांना मिळाला ते विचारू नकोस, माझं डोकं फिरतं.)

दिल्लीचंही तेच. 2005 मध्ये केंद्राचा रोजगार हमी कायदा, म्हणजे मनरेगा, झाला. 2015 मध्ये मोदींनी लोकसभेत त्याला काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं, पण योजना चालूच राहिली आणि 2020 मध्ये, कोरोनात, तिला 40,000 कोटी जादा द्यावे लागले. डिसेंबर 2025 मध्ये ती बदलायची ठरली तेव्हा विधेयक आणावं लागलं. कामाच्या 100 दिवसांचे 125 का, राज्यांनी खर्चाचे 40 टक्के का सोसायचे, यावर संसदेत भांडण झालं. आवडो न आवडो, भांडायला जागा तरी मिळाली.

आता लाडकी बहीण. 28 जून 2024 चा जीआर. विरोधक आधी म्हणाले, तिजोरी रिकामी होईल. नोव्हेंबरात त्यांनीच महिन्याला 3,000 कबूल केले. सत्तेतले 2,100 वर गेले. बैलबाजारात बोली लागावी तशी बोली लागली, पण "कायदा करतो" असं मी तरी कुणाच्या सभेत ऐकलं नाही. निवडणूक झाली आणि पडताळणी आली, ई-केवायसी आली. तुझ्या आईला 500 का येतात, विचारलंस कधी? जमीन तिच्या नावावर आहे. केंद्राच्या किसान सन्मानचे आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे मिळून महिन्याला हजार होतात, म्हणून बहिणीच्या 1,500 मधले उरले 500. हे घरातल्या कुणी ठरवलं नाही, जीआरने ठरवलं. आणि तुझे वडील नि मामा भांडतात कशावर, तर फ्लेक्सवर फोटो कुणाचा!

"दोन्ही बाजूंत तथ्य आहे" असलं गुळमुळीत वाक्य निबंधात दिसलं तर मी पुढचं वाचणार नाही. दारिद्र्यरेषेखालच्या म्हाताऱ्याला साठीनंतर ऐंशीपर्यंत केंद्राचा पेन्शनचा वाटा महिन्याला 200 रुपये. मनमोहनसिंगांच्या वेळी 200, मोदींच्या वेळीही 200. इथे कुठल्या बाजूत तथ्य आहे ते मला सांग.

मी तहसिलीत संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेच्या टेबलावर बरीच वर्षं काढली. कुठल्या तहसिलीत ते जाऊ दे. निराधाराच्या अनुदानाला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत, अशी अट होती. भागून बघ, दिवसाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. द्राक्षाच्या छाटणीला जाणारी विधवा बाई याच्या आत बसणार कशी? मग ती खोटं सांगायची, खालचा माणूस खोटं लिहायचा, मी वाचून सही पुढे सरकवायचो. एकीने दाखला माझ्या हातात देताना विचारलं होतं, "साहेब, यात मी जिवंत असल्यासारखी दिसते का?" मी तिला बसायला खुर्ची दिली. दुसरं काय देणार? सरकारं आली-गेली, 21,000 तिथेच. कारण तोही जीआर. त्यावर मतदान नाही, चर्चा नाही, कुणाला लाज वाटायचंही कारण नाही.

"काका कुंपणावरचे," असं तुझे वडील म्हणतात ते माझ्या कानावर आलंय. निवृत्तीनंतर दोन्हीकडून बोलावणं आलं होतं. गेलो असतो तर कुठल्या तरी समितीवर बसलो असतो आणि ती अट कदाचित हलली असती. ही रुखरुख आहे, नाही म्हणत नाही. पण स्टेजवर बसलेल्या माणसाला आपल्याच सरकारला "कायदा कुठाय?" असं विचारता येत नाही, हे मी जवळून पाहिलंय. मी दोघांनाही विचारतो, म्हणून दोघंही मला चहा पाजत नाहीत. चालायचंच.

निबंध पक्षाच्या नावाने सुरू करू नकोस. लाडक्या बहिणीचा जीआर डाउनलोड कर, अटींवर पेन्सिलीने खुणा कर. मग रोजगार हमीचा कायदा शेजारी ठेव. कशात हक्क लिहिलाय आणि कशात नुसती पात्रता, ते तुझं तूच काढ.

गुरुवारी अकराला तहसिलीच्या दारात भेट. शेजारच्या आजींचा अर्ज भरायचा आहे. त्यांचं आधार आणि बँकेचं पासबुक झेरॉक्ससह आण. उत्पन्नाच्या दाखल्याला तलाठी भाऊसाहेब दोन हेलपाटे घालायला लावतील, तेव्हा कॉलेजला सुट्टीचं आधीच सांगून ठेव.

तुझा,
काका