आयडेंटिटी म्हणजे नेमकी कोणती?

हा शब्द गणितात आणि संगणकात वेगवेगळ्या अर्थांनी येतो, म्हणून आधी विषय कोणता ते बघा. बीजगणितात (अ + ब)² = अ² + 2अब + ब² ही नित्यसमानता, कोणत्याही किमतीला खरी; ती 'सोडवत' बसू नका. अविकारक घटक (आयडेंटिटी एलिमेंट, ज्याने संख्या बदलत नाही) वेगळा: बेरजेत 0, गुणाकारात 1.

नवखे खरे अडकतात पायथन या प्रोग्रामिंग भाषेत. '==' किंमत तपासतं, 'इज' (is) मात्र मेमरीतली वस्तू तीच आहे का ते, म्हणजे आयडेंटिटी. सीपायथन (पायथनची नेहमीची आवृत्ती) 3.12 मध्ये -5 ते 256 हे पूर्णांक आधीच तयार असतात, म्हणून चाचणीत लहान आकड्यांवर 'इज' बरोबर चालतं आणि हिशेबातून आलेल्या 257 वर तोंडघशी पाडतं. 'इज' फक्त 'नन'साठी (None, म्हणजे 'काहीच नाही') ठेवा, बाकी सगळीकडे '=='.

एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमधला आयडेंटिटी कॉलम, म्हणजे नोंदींना आपोआप क्रमांक देणारा रकाना? व्यवहार रोलबॅक झाला, म्हणजे रद्द होऊन मागे फिरला, तरी वापरलेला क्रमांक परत मिळत नाही. बिलांचे सलग क्रमांक त्यावर काढू नका.