खराब मोसमानंतर प्रशिक्षकाने 'जबाबदारी माझी' म्हणणे म्हणजे नेमके काय? राजीनामाच द्यायचा असतो का?

नुसते म्हणणे फुकट असते. पत्रकार परिषदेत तर सगळेच म्हणतात. त्या वाक्यानंतर माणूस काय करतो ते बघा.

फुटबॉल प्रशिक्षक युर्गन क्लॉपचा जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबमधला 2014-15 चा मोसम घ्या. 2011 आणि 2012 ला बुंडेसलिगा (जर्मनीची अव्वल लीग) जिंकलेला, 2013 ला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम फेरी गाठलेला हा संघ फेब्रुवारी 2015 मध्ये घरच्या मैदानावर आउग्सबुर्गकडून 0-1 हरला, तेव्हा तो चक्क तळाला, अठराव्या स्थानावर होता. गोल करणारा मुख्य खेळाडू लेवांडोव्स्की प्रतिस्पर्धी बायर्न क्लबला गेला होता, दुखापतीही होत्या. सबबी हव्या तेवढ्या होत्या!

करार 2018 पर्यंतचा असूनही एप्रिलमध्ये क्लॉपने मोसमाअखेर जाणार असल्याचे जाहीर केले. या क्लबसाठी आपण आता योग्य प्रशिक्षक उरलो नाही, असे त्याचे म्हणणे होते. पण तो मध्येच उठून गेला नाही, आणि मला हेच जास्त महत्त्वाचे वाटते. संघ सातव्या स्थानापर्यंत वर आला, जर्मन चषकाच्या उपांत्य फेरीत त्याने बायर्नला पेनल्टीवर हरवले. अंतिम सामना मात्र वोल्फ्सबुर्गने 3-1 ने जिंकला.

म्हणजे राजीनामा हा एक मार्ग, सक्ती नाही. मोसमाच्या मधोमध दिलेला राजीनामा तर कधीकधी सरळ पळ काढणेच असते.