दिवाळीचा किल्ला : आधी पाणी, मग तट

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे. शिवचरित्राचा धडा त्याला पाठ आहे, पण गडाविषयी काही विचारले की तो गप्प बसतो. दरवर्षी आम्ही प्लास्टरचा तयार किल्ला आणून बाल्कनीत मावळे मांडतो. यंदा मातीचा किल्ला करावा म्हणते. पण त्यातून तो इतिहास खरोखर शिकेल का? आणि मी किती मदत करावी?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : शिकेल, मात्र ‘एखादा किल्ला’ न करता एकच ठरावीक गड करायला घ्यावा. माझी निवड राजगडाची. मुरुंबदेवाच्या डोंगरावर वसलेल्या या राजधानीची रचना मुलांच्या चटकन लक्षात येते : मधोमध उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंदी केलेले सपाट भाग. सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे सुईला असते तसे खडकातले आरपार भोक, ओल्या मातीत काडीने पाडताना मुलांना जो आनंद होतो, त्यापुढे आपली शंभर वाक्ये फिकी पडतात.

विटांचे तुकडे आणि गोणपाट यांवर लाल मातीचा लेप देऊन डोंगर उभा राहिला, की मुले लगेच तट आणि बुरूज करायला धावतात. तिथे मुलाला थांबवून विचारा, ‘एवढी माणसे पिणार काय?’ रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथातही, गड बांधताना आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून तळी-टाकी करावीत, असेच सांगितले आहे. मुलाला मातीत टाके खणू द्या आणि त्यात वाटीभर पाणी ओतायला सांगा. ते पाहता पाहता झिरपून जाईल आणि टाकी कातळात का खोदत असत, हे त्याचे त्यालाच कळेल. खोदताना निघालेला दगड बांधकामाला उपयोगी पडे, हे सांगायची वेळ हीच.

मुलाला असे थांबवण्याची दुसरी जागा दरवाज्याची. पुठ्ठ्याचा दरवाजा सरळ तटात बसवून खेळण्यातला हत्ती वेगाने त्यावर आदळू द्या. मग रायगडाच्या महादरवाज्याप्रमाणे दोन बुरूज पुढे आणून, वळण घेतल्याशिवाय दरवाजा दिसणार नाही अशी गोमुखी रचना त्याच्याकडून करवून घ्या. हत्तीला धाव घ्यायला आता जागाच उरत नाही. हा प्रयोग एकदा हाताने केलेला मुलगा पुढे कुठल्याही गडावर गेला, तरी आधी दरवाजा शोधेल, असा माझा अनुभव आहे.

मदतीचे म्हणाल, तर नकाशा समोर धरणे आणि विटा उचलणे एवढेच आपले काम. बुरूज वाकडा झाला तर वाकडाच राहू द्यावा. शेजाऱ्यांच्या कौतुकासाठी पालकांनी रात्री जागून घोटलेले गुळगुळीत किल्ले मला मनापासून खटकतात. हळीव मात्र आठवडाभर आधी पेरा, नाहीतर वसुबारसेला डोंगर बोडकाच दिसेल.

सनावळ्यांसाठी वेगळा तक्ता नको. किल्ला पूर्ण झाला, की ‘एवढा राजगड असताना राजधानी रायगडावर का नेली असेल?’ असे विचारा. 6 जून 1674 चा राज्याभिषेक रायगडावर झाला, हे त्या शोधात त्याला सापडेल, आणि पुढच्या वर्षी कोणता गड करायचा हेही बहुधा तोच ठरवेल.