फायरप्लेसपुढची फरशी : आधी कोबा, मग दगड

प्रश्न : ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घरात दिवाणखान्यात फायरप्लेस आहे. तिच्यापुढचा दगड तडकला म्हणून काढला, तर खालचा चुन्याचा कोबा (फरशीखालचा पक्का थर) उतरता निघाला. खोलीच्या फरशीपासून तो उजवीकडे ९० मिमी, तर डावीकडे १०८ मिमी खोल आहे. तिथे ५ × २ फुटांचा, ४० मिमी जाडीचा ग्वाल्हेरी पत्थर (वालुकाश्म) बसवायचा आहे. गवंडी म्हणतो, माल (सिमेंट-वाळूचे मिश्रण) जाड-पातळ करून लेव्हल साधू. दुसरे एक जण टाइलचे अ‍ॅडेसिव्ह सुचवतात. काय करावे?
(एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : दोन्ही नको. लेव्हल कोब्यातच आणून घ्या आणि दगडाखालचा माल सगळीकडे सारख्या जाडीचा ठेवा. गवंड्याच्या पद्धतीने एका टोकाला ५५ आणि दुसऱ्या टोकाला ७३ मिमी माल पडेल. जाड बाजू जास्त आकसते, दगड तिकडे पोकळ राहतो आणि वर लाकडाचा ओंडका आदळला की नेमका तिथे तडकतो. अ‍ॅडेसिव्ह साधारण ३ ते १२ मिमीच्या थरासाठी असते आणि त्यातले पॉलिमर जाळाच्या तोंडाशी उष्णतेने मऊ पडते. प्लास्टर ऑफ पॅरिसने खड्डे भरणेही टाळा, तापल्यावर त्याची भुकटी होते.

फरशीचा माथा खोलीच्या फरशीपेक्षा ५ मिमी वर ठेवू. दगड ४० आणि माल २५ धरला, तर कोबा खोलीच्या फरशीखाली ६० मिमीवर यायला हवा. म्हणजे उजवीकडे ३० आणि डावीकडे ४८ मिमी नवे काँक्रीट. १० मिमी खडीला ही जाडी पुरते. याहून पातळ थर सुटून येतो. माथा जुन्यापेक्षा थोडा उंच झाला तरी बिघडत नाही. खाली गेला, तर मात्र फायरप्लेसचे तोंड मोठे होते आणि धूर खोलीत येऊ लागतो.

आधी राख, काजळी आणि सुटा चुना तारेच्या ब्रशने काढा. हातोडीने ठोकून पाहा. बद्द आवाज आला किंवा स्क्रूड्रायव्हरने ओरखडून भुकटी निघाली, तर तो भाग घट्ट थर लागेपर्यंत खणून टाका. खाली लाकडी फळी किंवा प्लाय सापडला, तर तोही काढायचाच. मग टाचे मारा (छिन्नीने पृष्ठभाग खडबडीत करा), आदल्या रात्री पाणी पाजा, सकाळी साचलेले पाणी पुसून सिमेंटची स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट) फिरवा. पाणी भरलेल्या पारदर्शक लेव्हल पाइपने चारही कोपऱ्यांच्या खुणा घ्या. पाइपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर खूण चुकते. त्या उंचीवर ठिय्ये (उंचीच्या खुणेसाठी मालाचे छोटे गोळे) मारून १:२:३ चे (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीने ओढा, वर घासून गुळगुळीत करू नका. सात दिवस पाणी मारा.

दगडाखाली १:५ चा (सिमेंट, वाळू) माल अर्धसुका कालवा. मुठीत दाबला की गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. थर २८ मिमी ओढा, दगड ठोकल्यावर तो २५ वर बसेल. दगड पाठीमागून ओलसर करा. कोरडा वालुकाश्म मालातले पाणी ओढून घेतो. हा दगड साधारण ८५ किलो भरतो, त्यामुळे पट्टे आणि चार माणसे लागतील. एकदा ठेवून, रबरी हातोड्याने ठोकून परत उचला. मालावर जिथे दगडाचा ठसा उमटला नाही तिथे पोकळी आहे. ती भरा, वर स्लरी ओता आणि मगच कायमचा बसवा. पाच ठिकाणी मालाचे गोळे टाकून दगड टेकवण्याची सवय इथे अजिबात चालणार नाही.

दगड आगीखाली नेऊ नका. वालुकाश्माचे थर तापून सुटतात. आत फायरब्रिकच (उष्णता सोसणारी वीट) हवी. दोन्हींमध्ये ६ ते ८ मिमी फट ठेवून सिरॅमिक फायबरची दोरी भरा. फरशी तोंडापुढे किमान ५० सेंमी आणि दोन्ही बाजूंना १५ सेंमी यायला हवी. २ फूट रुंदी पुरते, बाजूंचे माप तपासून घ्या.

सामान : सिमेंट २१ किलो, म्हणजे अर्ध्या गोणीहून थोडे कमी, वाळू सुमारे ४५ लिटर, खडी २८ लिटर. काम दिवाळीच्या आसपास उरका. जानेवारीत ग्वाल्हेरची रात्र ५ अंशांखाली गेली की माल नीट धरत नाही. फरशीवर ओले गोणपाट टाकू नका, फिकट दगडावर तपकिरी डाग पडतात. पांढरे सुती कापड वापरा.

प्रश्न : अशीच फरशी बसवून आठ दिवस झाले. आग पेटवू का?
(एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर)

उत्तर : नाही. २८ दिवस थांबा. आतला ओलावा एकदम तापला की त्याची वाफ होते आणि दगडाच्या खपल्या उडतात. मग तीन-चार संध्याकाळी अर्धा तास बारीक काटक्यांचाच जाळ करा. पावसाळ्यानंतरची पहिली आगही अशीच लहान ठेवा, आणि ती विझवायला गरम दगडावर पाणी ओतू नका.