‘ओपनमधून’ आणि ‘ओपनचा’

प्रश्न असा आहे : भरतीच्या जाहिरातीत ‘अराखीव’ असा रकाना असतो, बोलताना आपण त्यालाच ‘ओपन’ किंवा ‘खुला प्रवर्ग’ म्हणतो. मग ‘तो ओपनचा आहे’ याऐवजी ‘तो अराखीव आहे’ म्हणता येईल का? आणि ‘अराखीव’ हा शब्द तरी मराठीच्या वळणाचा आहे का?

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून आधी तो. आखीव, कोरीव, घडीव या शब्दांत धातूला लागतो तोच ‘ईव’ प्रत्यय ‘राखणे’ला लागून ‘राखीव’ झाला. त्याला पुढून ‘अ’ जोडला की काहींना खटकतं, कारण हा उपसर्ग संस्कृतचा. पण अजाण, अचूक, अतूट हे शब्द आपण अडखळल्याशिवाय बोलतो. तेव्हा ‘अराखीव’ला हरकत नसावी. ‘आरक्षण’ आणि ‘राखीव’ या दोन्हींच्या मुळाशी ‘रक्ष्’ हाच धातू आहे. एक थेट संस्कृतातून आला, दुसरा प्राकृतातून झिजत आला, एवढंच.

पहिला प्रश्न मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. ही दोन वाक्यं पाहा :

ती ओपनमधून लागली.
ती ओपनची आहे.

दोन्ही आपल्या कानावर सारखीच पडतात. पहिलं बरोबर आहे, दुसरं चूक. ‘मधून’ वाट सांगतो : निवड कोणत्या जागेवर झाली. ‘ची’ ही षष्ठी, ती मालकी किंवा नातं सांगते. आणि ‘ओपन’शी असं नातं कुणाचंच नसतं, कारण ‘खुला’ हे जागेचं विशेषण आहे, माणसाचं नव्हे. मैदान खुलं असतं, स्पर्धा खुली असते, म्हणजे तिथे कुणालाही मज्जाव नसतो. खुल्या स्पर्धेत उतरलेल्याला आपण ‘खुला धावपटू’ म्हणत नाही. नोकरी आणि प्रवेशाच्या बाबतीत मात्र ‘खुला’ शब्दाचा अर्थ बरोबर उलटा झाला. सर्वांसाठी असलेली जागा काही जातींची ओळख होऊन बसली. मीही कितीतरी वर्षं ‘आम्ही ओपनचे’ असं सहज म्हणत आलो. त्यात काही चुकतंय हे उशिरा लक्षात आलं.

कायदा या बाबतीत नि:संदिग्ध आहे. 1992 च्या इंद्रा साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकूण राखीव जागांना साधारणपणे 50 टक्क्यांची मर्यादा घातली. ती बहुतेकांना पाठ आहे. पण त्याच निकालात असंही आहे की अनुसूचित जातीचा उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेतून निवडला गेला, तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही. 1995 च्या सभरवाल खटल्यात बिंदुनामावलीच्या, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे क्रमाने ठरवणाऱ्या तक्त्याच्या, संदर्भात हेच पुन्हा सांगितलं गेलं. आणि 2020 मध्ये सौरव यादव खटल्यात तर वाद याच शब्दाचा होता असं मला वाटतं. उत्तर प्रदेशातल्या पोलीस भरतीत खुल्या महिला जागांवर निवडल्या गेलेल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा इतर मागासवर्गातल्या काही महिलांना जास्त गुण होते, तरी त्यांना त्या जागा नाकारल्या गेल्या. न्यायालयाने स्पष्ट केलं की खुला प्रवर्ग हा ‘कोटा’ नाही. समांतर आरक्षणातल्या, म्हणजे महिलांसारख्या गटांसाठी प्रत्येक प्रवर्गात ठेवलेल्या जागांपैकी, खुल्या जागाही त्या गटातल्या सर्वांनाच खुल्या आहेत.

एका षष्ठीने काय होतं ते पाहा. समजा 100 पैकी 50 जागा राखीव आहेत. ‘ओपनच्यांना पन्नासच उरल्या’ असं म्हटलं की उरलेल्या पन्नास कुणाच्या तरी हक्काच्या झाल्या. मग त्यातली एखादी जागा मागासवर्गीय मुलीने गुणांवर मिळवली की ‘हे दोन्हीकडून घेतात’ अशी तक्रार सुरू होते. तिने कुणाचंही काही घेतलेलं नसतं, तरी भाषेने तिला आधीच परक्याच्या अंगणात उभं केलेलं असतं. आरक्षण असावं की नसावं, किती काळ असावं, जातीवर की उत्पन्नावर, यावर माणसांनी जरूर वाद घालावा. पण आरक्षण हा आधार आहे की कुंपण, हे वादाआधीच एका प्रत्ययाने ठरवून टाकू नये.

जाता जाता, ‘वर्ग’ हा शब्द ‘वृज्’ धातूपासून आला, ‘वर्ज्य’ही त्याच धातूपासून. वेगळं काढणं दोन्हींत आहे. खुल्या जागांच्या गटाला ‘प्रवर्ग’ म्हणणंच म्हणून जरा विसंगत वाटतं. नुसतं ‘खुल्या जागा’ पुरे.

इथे इतिहासातला एक फरक आठवतो. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा मागासलेले कोण हे सांगताना पुढारलेल्यांची नावं घेतली : ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि तसे इतर सोडून बाकीचे सगळे. यादी वगळलेल्यांची होती. राज्यघटनेची रीत उलट आहे. अनुसूची लाभ मिळणाऱ्यांची असते, उरलेल्यांना कायदा कसलंच नाव देत नाही. ती रिकामी जागा बोलीभाषेने ‘ओपन’ने भरली. त्यात 2019 च्या 103 व्या घटनादुरुस्तीने, इतर आरक्षण लागू नसलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी 10 टक्क्यांपर्यंत जागा राखण्याची सोय केली. म्हणजे आपण ज्यांना ‘ओपनचे’ म्हणतो त्यांच्यापैकी अनेकांसाठीही आता राखीव जागा आहेत. शब्द आणखी पोकळ झाला.

एक पुरवणी. वयाची सवलत घेतलेल्या मागासवर्गीय उमेदवाराला खुल्या जागेवर जाता येईल की नाही, हे त्या त्या भरतीच्या नियमांवर ठरतं. इथे ‘सवलत’ हा शब्द अगदी नेमका आहे. आरक्षणालाच सरसकट ‘सवलती’ म्हणणं मात्र टाळावं. सवलत अटीत मिळते, आरक्षण जागेत असतं.

आता मूळ प्रश्न. ‘तो अराखीव आहे’ असं म्हणू नये, कारण हाही शब्द जागेचाच आहे. माणसासाठी शासकीय मराठीत एक शब्द आधीपासून आहे, परीक्षा शुल्काच्या तक्त्यात तुम्ही तो पाहिला असेल : ‘अमागास’. दिसायला ओबडधोबड, पण तो माणसाबद्दल बोलतो आणि कुठल्याही जागेवर हक्क सांगत नाही. जागा अराखीव, उमेदवार अमागास. आणि निवड झाली की, उमेदवार कुणीही असो, ‘ओपनमधून लागला’.